चाकाच्या पोटातले गिअर : वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात कोल्हापुरात रोज कामावर जाण्याच्या सायकलींवर लेख होता. त्यात हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाच्या, आत बसणाऱ्या गिअरचा उल्लेख एकाच ओळीत झाला, आणि पत्रं मात्र त्याच ओळीवर आली. त्यांतली काही पत्रं उत्तरांसह देत आहोत. सारखेच प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : राहायला कसबा बावडा, काम गोकुळ शिरगाव एमआयडीसीत. जाऊन-येऊन पंचवीसेक किलोमीटर होतात. सायकल 21 गिअरची आहे. पावसाळाभर चेन कुरकुरते, मागचा डिरेलर (चेन एका चक्रीवरून दुसरीवर ढकलणारा भाग) चिखलानं भरतो आणि ऐन चढाला गिअर आपोआप बदलतो. हबमधले गिअर घेतले तर ही कटकट संपेल का, की नुसताच खर्च?

उत्तर : निम्मी संपेल. आधी उरलेल्या निम्म्याबद्दल. चढाला गिअर आपोआप बदलणं हा बहुतेक वेळा डिरेलरचा दोष नसतो. केबलचं बाहेरचं आवरण आतून गंजलेलं असतं, मागचा डिरेलर ज्या कानाला लटकतो तो कान वाकलेला असतो, किंवा चेन लांबलेली असते. हे आधी तपासा. नवी केबल, नवं आवरण आणि नवी चेन हा खर्च हबच्या तुलनेत किरकोळ आहे. तेवढ्यानं भागलं तर पुढचं वाचायची गरज नाही.

भागलं नाही तर हबचा विचार करा. तीन गिअरच्या साध्या हबच्या आत अक्सलला, म्हणजे मधल्या न फिरणाऱ्या दांड्याला, घट्ट बसवलेलं एक दात्यांचं चाक असतं, ते फिरत नाही. त्याच्याभोवती तीन-चार छोटी चाकं एका पिंजऱ्यात फिरतात, आणि त्या सगळ्यांना बाहेरून वेढणारं एक कडं असतं, दाते आतल्या बाजूला. चेनचा जोर कड्याला देऊन पिंजऱ्यातून बाहेर काढला की सायकलचं चाक चेनच्या चक्रीपेक्षा हळू फिरतं, हा चढाचा गिअर. पिंजऱ्याला देऊन कड्यातून काढला की चाक जास्त फिरतं. आणि दोन्ही टाळून जोर थेट दिला तर तो मधला, ज्यात घर्षण सगळ्यात कमी. गिअरची केबल एवढंच ठरवते की जोर कुठून आत जाणार आणि कुठून बाहेर येणार.

हे सगळं बंद डब्यात असल्यामुळे चिखलाचा त्याच्याशी संबंध येत नाही. पण खरा फायदा डब्याच्या बाहेर आहे. चेन डावी-उजवीकडे सरकत नाही, सरळ रेषेत धावते, म्हणून जाड, साध्या सायकलची अर्धा इंच गुणिले अष्टमांश इंच मापाची चेन चालते, आणि तिच्यावर पूर्ण बंद चेनकव्हर बसवता येतं. आमच्या मते कोल्हापुरात हबगिअर घेऊन चेनकव्हर न लावणं म्हणजे छत्री घेऊन ती मिटून चालणं. शिवाय कावळा नाक्याला सिग्नलवर उभं असताना गिअर उतरवता येतो. स्टँडवर सायकली एकमेकींवर पडल्या तरी वाकायला बाहेर काही लोंबत नाही.

तोटेही ऐका. आठ गिअरचा हब एकटाच सुमारे दोन किलोचा असतो. थेट गिअर सोडला तर बाकीच्यांत स्वच्छ डिरेलरपेक्षा थोडी ताकद जास्त जाते. मागचं चाक काढणं शिकावं लागतं. आणि सुटे भाग गल्लीतल्या दुकानात टांगलेले नसतात, मागवावे लागतात. म्हणून मागवतानाच एक जादा गिअर केबल, अक्सलच्या वायसरची एक जोडी आणि चक्रीची एक सर्कलिप (चक्री जागेवर धरणारी कडी) मागवून ठेवा. ऐन जुलैत या तीन वस्तूंसाठी सायकल पंधरा दिवस उभी राहते.

प्रश्न : मी शिक्षिका आहे. घर रंकाळ्याजवळ, शाळा सागरमाळावर. साधी काळी सायकल आहे, 28 इंची चाकं, पुढे 44 दाते, मागे 18. चढाला उतरून ढकलावी लागते. तीन गिअर पुरतील की आठच घ्यावेत?

उत्तर : ताई, तीन पुरतील, पण मागची चक्री बदलली तरच. याचा हिशेब करून पाहू.

पायडलच्या एका पूर्ण फेरीत सायकल किती पुढे जाते ते काढायचं. पुढचे दाते भागिले मागचे दाते, गुणिले चाकाचा घेर. तुमच्या टायरचा घेर सुमारे 2.2 मीटर धरू. 44 भागिले 18 गुणिले 2.2 म्हणजे जवळपास 5.4 मीटर. सपाट रस्त्याला हे ठीक, सागरमाळाच्या चढाला फार जड.

स्टर्मी-आर्चर कंपनीच्या तीन गिअरच्या हबमध्ये पहिला गिअर थेटच्या 75 टक्के, दुसरा थेट आणि तिसरा 133 टक्के असतो. शिमानो कंपनीच्या नेक्सस तीनमध्ये 73 आणि 136 टक्के, म्हणजे फरक नावापुरता. तुमच्या 18 दात्यांवर हा हब बसवला तर 4.0, 5.4 आणि 7.2 मीटर मिळतील. पहिला गिअर अजूनही जडच. आणि 7.2 मीटर म्हणजे मिनिटाला 60 फेऱ्यांना ताशी 26 किलोमीटर. साडी किंवा पंजाबी ड्रेसमध्ये, कॅरिअरवर वह्यांचा गठ्ठा घेऊन, त्या वेगाला पायडल कोण मारतंय? म्हणजे तीनपैकी एक गिअर फुकट गेला. ‘हबगिअर घेतला, काही फरक पडला नाही’ अशी तक्रार येते तिच्यामागे बहुतेकदा हेच असतं. हबबरोबर आलेली चक्री तशीच बसवलेली असते.

मागे 22 दाते घ्या. आता 3.3, 4.4 आणि 5.9 मीटर. चढाला पहिला, गावात दुसरा, आणि शाळेतून परत येताना तिसरा. तिन्ही वापरात. 3.3 मीटरच्या गिअरमध्ये मिनिटाला 50 फेऱ्या मारल्या तरी ताशी दहा किलोमीटरनं चढता, उतरावं लागत नाही. चक्रीचे दाते चार वाढले की चेनही दोन-तीन गाळ्यांनी लांब लागते, जुनीच ताणून बसवू नका.

हबवर पैसे घालण्याआधी एक स्वस्त चाचणी करा. आहे त्या साध्या हबवर 20 किंवा 22 दात्यांची फ्रीव्हील (मागची चक्री) बसवून आठवडाभर चालवा. सपाटीला पाय जरा जास्त फिरतील, चढ मात्र सुसह्य होईल. काही जणांचं काम एवढ्यावरच होतं.

आठ गिअर कोणाला? ज्यांना पन्हाळ्याच्या वाटेला जायचंय, मागे मूल किंवा जड ओझं आहे, किंवा गुडघे कुरकुरतात, त्यांना. नेक्सस आठचा पहिला गिअर थेटच्या 53 टक्के आणि आठवा 161 टक्के. पुढे 40, मागे 20 आणि 700 मापाच्या चाकाला तो 2.3 पासून 6.9 मीटरपर्यंत जातो. पहिल्यावरून दुसऱ्यावर आणि पाचव्यावरून सहाव्यावर जाताना 22 टक्क्यांची उडी आहे, बाकीच्या 14 ते 17 च्या आसपास. चढावर त्या दोन जागा पायाला जाणवतात. आणखी हलका गिअर हवा म्हणून पुढच्या-मागच्या दात्यांचं प्रमाण दोनाच्या फार खाली नेऊ नका. पुढचं चक्र जितकं लहान तितका हबच्या आतल्या दात्यांवर जोर जास्त, आणि तेवढा सोसायला ते बनवलेले नसतात.

प्रश्न : आजोबांची रॅले सायकल शिवाजी पेठेतल्या वाड्यात होती, ती काढली. मागच्या हबवर ‘एडब्ल्यू’ आणि शेजारी 56 असं उमटवलेलं आहे. गिअर बदलतात, पण दुसऱ्यात जोर लावला की पायडल एकदम मोकळं फिरतं. मेकॅनिक म्हणतो हब गेला, साधा टाकू. त्यानं हबच्या भोकातून ग्रीसही भरलंय. काय करावं?

उत्तर : हब टाकू नका. तो आकडा वर्षाचा, तुमचा हब 1956 चा. स्टर्मी-आर्चर ही नॉटिंगहॅमची कंपनी, 1902 पासूनची. 2000 नंतर तिचं उत्पादन तैवानला गेलं. एडब्ल्यू हा तिचा सगळ्यात चिवट हब, आणि सत्तर वर्षांचा हब पुन्हा कामाला लागणं यात नवल काही नाही.

पायडल मोकळं फिरण्याचं कारण बहुधा केबल. या जुन्या हबमध्ये दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरच्या मध्ये एक रिकामी जागा असते, जिथे कुठलाच गिअर लागत नाही. केबल थोडी सैल झाली की दुसऱ्या गिअरची जागा त्या रिकाम्या जागेकडे सरकते. बसून हळू चालवताना कळत नाही. उभं राहून जोर दिला की पायडल खाली कोसळतं आणि माणूस दांड्यावर. म्हणून दुरुस्त होईपर्यंत उभं राहून चालवू नका, हे आधी.

आता दुरुस्ती. उजव्या बाजूच्या अक्सलमधून एक बारीक साखळी बाहेर येते. गिअरची केबल सोडून ती साखळी बोटांनी उजवीकडे पिळत आतला दांडा पूर्ण आत घट्ट करा, मग अर्ध्या फेरीपर्यंत उलट फिरवा, म्हणजे साखळी केबलच्या दिशेला सरळ येईल. केबल जोडा. हँडलवरचा खटका दुसऱ्यावर ठेवा. उजव्या नटाला बाजूनं एक भोक असतं, त्यातून आत पाहा. साखळी जिथे दांड्याला जोडलेली आहे ती कड अक्सलच्या टोकाशी बरोबर एका पातळीत हवी. आत असेल तर केबल सैल आहे, बाहेर आली असेल तर ताठ. खरखरीत कडेचा बारीक नट फिरवून पातळीवर आणा, मग छोटा लॉकनट आवळा. खटका तीनवर नेऊन पुन्हा दोनवर आणा आणि परत एकदा पाहा. पहिला गिअर लागत नसेल तर केबल अजून सैल आहे. तिसरा लागत नसेल तर ताठ.

हे करूनही दुसरा सुटला तर दोष ग्रीसचा. चाकाला जोर देणारी आतली खिटी केसासारख्या बारीक स्प्रिंगनं उचलली जाते. घट्ट ग्रीसमध्ये ती चिकटून बसते, वर येत नाही. हबच्या भोकातून चमचाभर रॉकेल किंवा डिझेल घाला, चाक पाच मिनिटं उलट-सुलट फिरवा, सायकल डाव्या कुशीवर झोपवून खाली जुना कपडा घाला आणि रात्रभर ठेवा. काळं पाणी निघेल. स्वच्छ निघेपर्यंत दोन-तीन वेळा करा. मग एसएई 20 किंवा 30 नंबरचं पातळ इंजिन ऑईल, चहाचा एक चमचा. पुढे महिन्याला पाच-सहा थेंब बास. जास्त घातलं तर ते आऱ्यांवरून रिमवर उतरतं आणि ब्रेकगट्टूला लागतं. गाडीचं गिअर ऑईल नको, फार जाड होतं. खोबरेल तर अजिबात नको, थंडीत ते थिजतं आणि एरवी चिकटतं. घरात हाताशी असतं म्हणून लोक घालतात.

शेवटचं, रिम गंजली असेल तर घाबरू नका. इंग्लिश सायकलींच्या मागच्या हबला 40 आऱ्यांची भोकं असत आणि आपल्या साध्या काळ्या सायकलच्या मागच्या रिमलाही 40 च असतात. भोकं मोजा, जुळली तर नवी रिम इथेच मिळेल. आऱ्यांची लांबी मात्र साध्या सायकलपेक्षा वेगळी लागेल, कारण गिअरच्या हबचा घेर मोठा. साध्या हबच्या आऱ्या घालायचा प्रयत्न करू नका.

प्रश्न : ॲल्युमिनियम फ्रेमच्या सायकलला ऑनलाइन मागवलेला नेक्सस आठ बसवून घेतला. दोन महिन्यांनी गिअर घसरू लागले. नट आवळले की चार दिवस ठीक, पुन्हा तेच. फ्रेमच्या खाचेत अक्सलनं घासल्याच्या खुणा दिसतात. चेनही मध्येच उतरते.

उत्तर : खुणा दिसल्या हे बरं झालं, कारण त्यांनीच उत्तर दिलंय. तुमचं अक्सल खाचेत फिरतंय.

साध्या सायकलचं अक्सल फिरायचं कारण नसतं, म्हणून मेकॅनिकला त्याची सवय नसते. गिअरच्या हबमध्ये मधलं स्थिर चाक अक्सललाच धरून असतं. थेट गिअर सोडून कुठल्याही गिअरात जोर लावला की ते अक्सलला पिळतं. हे पीळ अडवायला दोन्ही बाजूंना खास वायसर असतात, त्यांना एक जीभ असते आणि ती जीभ फ्रेमच्या खाचेत बसते. वायसरवर अक्षरं उमटवलेली असतात. आडव्या खाचेसाठी उजवीकडे 5आर, पिवळा, आणि डावीकडे 5एल, तपकिरी. उभ्या खाचेसाठी उजवीकडे 8आर, निळा, आणि डावीकडे 8एल, हिरवा. तुमची फ्रेम मूळची डिरेलरची असेल तर खाच उभी असणार आणि त्याला निळा-हिरवा लागेल. भलताच वायसर, किंवा उजवा-डावा उलटा बसला तरी नट आवळला जातो, म्हणून चूक लक्षात येत नाही. साधा गोल वायसर घालून नट कितीही आवळा, उपयोग नाही.

बसवताना जीभ खाचेत पूर्ण शिरली आहे ना ते नट लावायच्या आधी बोटानं चाचपा. नटाचा आवळ 30 ते 45 न्यूटन-मीटर. टॉर्कचा पाना नसेल तर फूटभर लांबीच्या पान्याच्या टोकाला दहा ते पंधरा किलोचा जोर, म्हणजे एका हातानं ठणठणीत, पण पान्यावर उभं राहून नव्हे. घासलेली खाच फार रुंदावली असेल तर वायसरची जीभही त्यात खुळखुळेल. तशा फ्रेमवर आम्ही हा हब चालवणार नाही.

मग केबल. गिअर चौथ्यावर आणा. उजव्या बाजूला, चक्रीच्या शेजारी जिथे केबल जोडली जाते त्या जॉइंटवर दोन पिवळ्या रेघा दिसतील, एक फिरणाऱ्या भागावर, एक स्थिर भागावर. त्या एका रेषेत आल्या की झालं. नाहीतर खटक्याजवळचा केबलचा स्क्रू पाव-पाव फेरी फिरवा. दर वेळी गिअर एकवर नेऊन पुन्हा चारवर आणा आणि मगच पाहा, नाहीतर केबलमधला ढील फसवतो. नवी केबल पहिल्या दोन-तीन आठवड्यांत ढिलावते, तेव्हा हे पुन्हा करावं लागतं. गिअर घसरत असताना सायकल तशीच दामटू नका. अर्धवट अडकलेल्या दात्यांची टोकं झिजतात, आणि ते दुरुस्त होत नाही, आतला पूर्ण संच बदलावा लागतो.

चेन उतरण्याचं कारणही खाचच. उभ्या खाचेत चाक मागे ओढून चेन ताणता येत नाही. एका चक्रीच्या सायकलींसाठी चेन ताणून धरणारा स्प्रिंगचा टेन्शनर मिळतो, तो डिरेलरच्या कानाला बसवा. चेन बोटानं वर-खाली केली की मधोमध 10 ते 15 मिलिमीटर हलावी. पुढचं चक्र क्वचितच अगदी गोल बसलेलं असतं, तेव्हा पायडल फिरवत चार-पाच जागी तपासा. आडव्या खाचेच्या सायकलवाल्यांनी चेन जिथे सगळ्यात ताठ होते तिथे हे माप धरावं, नाहीतर हबच्या बेअरिंगवर नाहक ताण येतो.

आणि फ्रेमच्या रुंदीबद्दल आलेल्या इतर पत्रांना इथेच उत्तर : हबची रुंदी मोजून मगच मागवा. नेक्सस आठ 132 मिलिमीटर, शिमानोचाच अल्फिन आठ 135, नेक्सस तीन प्रकारानुसार 120 किंवा 127. हब दोन-तीन मिलिमीटर कमी पडत असेल तर उद्यमनगरात कुणाही टर्नरकडून वायसर कातून घ्या, पण अक्सल तेवढं लांब आहे का ते पाहून. पोलादी फ्रेम थोडी फाकवता येते. ॲल्युमिनियमची कधीही फाकवू नका, तडकते.

प्रश्न : लक्ष्मीपुरीतला पंक्चरवाला हबगिअरच्या सायकलला हात लावत नाही. म्हणतो, चाक काढलं तर परत बसणार नाही. (अशी तीन पत्रं आहेत.)

उत्तर : त्याला सांगा, चाक काढायचंच नाही. टायरची डावी कड रिमवरून उतरवा, ट्यूब बाहेर ओढा, हवा भरून पंक्चर शोधा, ठिगळ लावा, परत आत. साध्या सायकलचं पंक्चर तो रोज असंच काढतो.

टायर किंवा ट्यूब बदलायची असेल तेव्हा मात्र चाक निघालंच पाहिजे. नेक्सस आठमध्ये गिअर एकवर आणा. जॉइंटच्या फिरत्या भागाला एक बारीक भोक आहे, त्यात 2 मिलिमीटरची ॲलन की किंवा चाकाच्या जुन्या आरीचा तुकडा घालून तो भाग फिरवा. केबल सैल होते, तिच्या टोकाचा बोल्ट खाचेतून सुटतो. मग नट. नट, वायसर ज्या क्रमानं निघाले त्याच क्रमानं एका तारेत ओवून ठेवा. मोबाईलवर दोन्ही बाजूंचा फोटो आधी काढला तर उत्तम. स्टर्मी-आर्चरमध्ये तिसऱ्या गिअरवर केबल सैल असते. त्या गिअरवर ठेवून साखळीचा जोड उघडा. परत बसवल्यावर दोन्ही प्रकारांत केबल पुन्हा जुळवायची, वर सांगितलं तसं.

प्रश्न : 2021 च्या पुरात शाहूपुरीतल्या आमच्या पार्किंगमध्ये आठ गिअरची सायकल दोन दिवस हबच्या वर पाण्यात होती. धुऊन, वाळवून वापरली. आता काही गिअरांत खरखर येते. वर्कशॉपमध्ये म्हणतात, चालवत राहा, आपोआप बंद होईल.

उत्तर : खरखर बंद होईल, पण चांगल्या अर्थानं नव्हे. हबचे सील पावसाच्या शिंतोड्यांसाठी असतात. बुडालेल्या हबमध्ये पाणी शिरतंच, आणि पंचगंगेच्या पुराच्या पाण्यात बारीक गाळ असतो. तो ग्रीसमध्ये मिसळला की पॉलिश पेपरसारखं काम करतो. पाणी उतरल्यावर आठवड्याच्या आत हब उघडायला हवा होता. आता तरी उघडा.

चाक काढा. आधी जॉइंट काढा, मग चक्रीची सर्कलिप बारीक स्क्रूड्रायव्हरनं उचला. दुसऱ्या हातानं वर कपडा धरा, ती क्लिप डोळ्याच्या दिशेनं उडते. चक्री काढल्यावर डावीकडचा लॉकनट आणि कोन (बॉलवर दाबणारा शंकूच्या आकाराचा नट) सोडवा. मग आतला पूर्ण संच उजव्या बाजूनं सरळ बाहेर येतो. दोन्हीकडच्या बॉलच्या जाळ्या कुठल्या तोंडानं बसल्या होत्या त्याचा फोटो काढा, उलटी बसली तर हब आवळत नाही. आतला संच आणखी सुटा करू नका. तो डिझेलमध्ये धुवा, हलवून निथळा, पूर्ण वाळू द्या. बॉलच्या वाटीत खड्डे पडलेत का ते नखानं चाचपा. नख अडकलं तर ते भाग बदलायचे.

आठ गिअरच्या हबसाठी शिमानोचं बुडवण्याचं खास तेल मिळतं. संच त्यात साधारण दीड मिनिट बुडवायचा आणि मिनिटभर निथळायचा. दोन्हीकडच्या बॉलला आणि सीलच्या ओठांना ग्रीस लावून परत बसवायचा. कोन आवळताना चाक डुगडुगता कामा नये आणि अडकताही कामा नये. बाजूला हलवून पाहायचं, मग सोडून फिरवून पाहायचं.

पूर येणार असं दिसलं की सायकल वरच्या मजल्यावर नेणं हे यातल्या कशाहीपेक्षा सोपं. गाडी नेता येत नाही, सायकल नेता येते.

प्रश्न : दुचाकीच्या वॉशिंग सेंटरमध्ये सायकल धुतली तर चालते का?

उत्तर : फ्रेम धुवा. हबच्या दोन्ही टोकांवर, पायडलच्या बेअरिंगवर आणि हँडलच्या कपावर प्रेशरचं पाणी मारू देऊ नका. ते सील उलटवून आत जातं. बादली आणि कपडा पुरतो.

प्रश्न : उलटं पायडल मारून लागणाऱ्या ब्रेकचा तीन गिअरचा हब मिळतोय. पावसात रिम ओली झाली तरी हा ब्रेक लागतो असं ऐकलं. घेऊ का? महिन्यातून एकदा जोतिबाला जातो.

उत्तर : गावात वापरायला छान. ओल्या रिमचा त्याच्याशी संबंध नाही हे खरं. जोतिबाच्या उतारावर मात्र तो एकटा वापरू नका. सगळी उष्णता हबमध्येच साठते, ग्रीस पातळ होऊन जळू लागतं आणि ब्रेक बोथट होतो. पुढे चांगला हातब्रेक हवाच आणि उतारावर दोघांत काम वाटून द्यायचं. डावीकडचा ब्रेकचा दांडा फ्रेमला बोल्टनं पक्का बांधलेला हवा. तो सुटला तर अक्सल गरकन फिरतं. आणि या हबबरोबर वर सांगितलेला चेनचा टेन्शनर चालत नाही, कारण ब्रेक लावताना चेनची खालची बाजू ताणली जाते आणि टेन्शनर मोडतो. म्हणजे उभ्या खाचेच्या फ्रेमला हा हब नाहीच.

प्रश्न : ‘देखभाल लागत नाही’ म्हणतात, तर वर्षाला नेमकं काय करायचं?

उत्तर : लागत नाही असं नाही, कमी लागते. मे अखेरीला गिअरची केबल आणि आवरण पाहा. फ्रेमच्या खालून वर वळणाऱ्या जागी पाणी साठतं, तिथे आवरण फुगलं किंवा चिरलं असेल तर पाऊस सुरू व्हायच्या आत बदला. आतली तार स्टेनलेसची घ्या. नटांचा आवळ आणि गिअरच्या रेघा महिन्यातून एकदा नजरेखाली घाला, त्याला दोन मिनिटं लागतात. हबच्या आतलं तेल किंवा ग्रीस शिमानोच्या सांगण्याप्रमाणे दोन वर्षांनी, आणि रोजचं अंतर जास्त असेल तर पाच हजार किलोमीटरला. रोज पंचवीस किलोमीटर जाणाऱ्याला ते आठ-नऊ महिन्यांत होतात, हे कसबा बावड्याच्या वाचकांनी लक्षात घ्यावं. अकरा गिअरचा अल्फिन आणि चौदा गिअरचा रोलॉफ हे तेलात चालणारे हब आहेत. रोलॉफचं तेल पाच हजार किलोमीटरला किंवा वर्षाला बदलतात, 25 मिलिलिटर.

चेन बंद कव्हरात असेल तर दोन महिन्यांनी एकदा तेल पुरे. कव्हर नसेल तर पावसाळ्यात आठवड्याला. गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमागून जाणाऱ्यांनी कव्हर असलं तरी ते महिन्याला उघडून पाहावं. ट्रॉलीच्या चाकांची माती, पाचटाचे तुकडे आणि सांडलेली मळी यांचा लगदा आत जाऊन बसतो, तो तेलानं सुटत नाही, डिझेल आणि ब्रशनंच निघतो.

चेन कधी बदलायची ते टेपनं मोजा. पिनेच्या मध्यापासून 24 गाळे सोडून पुढच्या पिनेच्या मध्यापर्यंत नव्या चेनचं अंतर 304.8 मिलिमीटर भरतं. 308 च्या आसपास गेलं की चेन उतरवा. डिरेलरच्या चेनला याच्या निम्म्यावरच बदलावं लागतं, कारण ती अरुंद असते आणि तिची चक्री लवकर झिजते. तीन-चार चेन झाल्या की मागची चक्री काढून पाहा. दाते एका बाजूला कलले असतील तर तीच चक्री उलटी बसवता येते. मात्र सपाट असेल तरच. मध्ये फुगवटा असलेली चक्री उलटवली की चेनची रेष दोन-तीन मिलिमीटर सरकते, आणि चेन कव्हराला घासू लागते.